दोरा

वाठारहून लोणंदची एसटी सालपे घाट उतरायला लागली की मला दरवेळी एकच गोष्ट आठवते. घाटाच्या अलीकडे पडलेला पाऊस आमच्या वसना नदीतून कृष्णेला जातो. पलीकडचा नीरेला मिळतो, नीरा नरसिंहपूरला भीमेत शिरतो आणि पुढे चंद्रभागा म्हणून विठोबाच्या पायाशी जातो. आमच्या पाण्याला भीमा भेटते ती थेट कर्नाटकात, रायचूरकडे. म्हणजे गावचं पाणी पंढरपूर चुकवूनच जातं. जायचं तर आपणच चालायचं.

म्हणून माऊलींच्या पालखीबरोबर वारीला निघालो. पालखीचं नीरा स्नान हुकलं. चांदोबाच्या लिंबाला रिंगण झालं म्हणतात, मला पुढच्याची टोपी दिसली.

तरडगाव सोडलं आणि डाव्या टाचेनं दगा दिला. नवे बूट घेऊ नकोस असं घरी बजावलं होतं. डांबर तापलेलं, पावसाचा पत्ता नाही. आषाढ लागला तरी फलटणच्या या पट्ट्यात ढग नुसते वरून जातात, पाणी सगळं महाबळेश्वरकडं सांडून आलेले. मागे पाण्याच्या टँकरचा भोंगा. शेजारचा माणूस तासभर चुकीच्या ठेक्यात टाळ वाजवत होता. माऊली म्हणत त्याला मनात काय काय बोललो, ते लिहीत नाही.

निंभोऱ्याच्या ओढ्याला दिंडी विसाव्याला थांबली. ओढा कोरडाच. मी लंगडत एका पडवीशी टेकलो.

"माऊली, पाय द्या इकडं."

सत्तरीची आजी. मी पाय मागं घेतला. तिनं घोट्याला धरून सरळ परातीत ओढला. पाणी गार होतं.

"कालव्याचं हाय. धरणातनं येतंय."

नीरेचंच की. उजव्या कालव्यानं इकडं वळवलं नसतं, तर ते माझ्या आधी पंढरपुरात पोचलं असतं.

मग तिनं सुई दिव्यावर धरली. पांढरा दोरा ओवून हळद-तेलात बुडवला. फोडाच्या एका कडेनं सुई घातली, दुसरीकडून काढली आणि दोरा आतच ठेवून दोन्ही टोकं बोटभर सोडून कापली. "कातडं काढू नगा. पाणी दोऱ्यानं जाईल." पिवळा थेंब दोऱ्यावरून घरंगळत खाली आला. दुखलं नाही. लाज मात्र वाटली. इतका वेळ मी तिच्या पडवीतल्या पंख्याच्या आवाजावर वैतागलो होतो.

"गाव कुठलं?"

"वाठार."

"म्हंजे घाटावरचं." तिचं माहेर दहिवडीकडचं, डोंगरापल्याड. "लगीन ठरलं तवा बानं एवढंच बघितलं, जमीन कालव्याच्या खाली हाय का वर." खाली म्हणजे ऊस, वर म्हणजे कुसळं. तिला खालची मिळाली. वारी मात्र एकदाही घडली नाही. गुरं, मग ऊस, मग नातवंडं.

मी शंभराची नोट काढली. तिनं माझ्याकडं असं बघितलं की ती कुठं ठेवावी कळेना.

दिंडीचा विणेकरी उठला. बूट गळ्यात अडकवून अनवाणीच निघालो. फलटण, बरड, काही नीट आठवत नाही. धर्मपुरीला सातारा जिल्हा संपला तेव्हा टाच बघितली. फोड बसला होता. वाळलेला दोरा अजून लोंबत होता, आणि तो शेजारचा टाळकरी तसाच बेताल वाजवत होता.