शेजारचं अ‍ॅप मेलं तर कळवायचं कुणी?

नागपूरच्या इतवारीतल्या ठोक किराणा दुकानांसाठी आम्ही बिलाचं अ‍ॅप चालवतो. बिल आमचं, छपाई दुसऱ्यांची. ‘छापा’ दाबलं की प्रिंटरवाल्यांचं अ‍ॅप उघडतं, ब्लूटूथवरून पावती काढतं आणि निकाल आमच्याकडे परत देतं. बहुतेक वेळा देतं.

मे महिन्यात एका दुकानातून काकाजींचा फोन आला. मागे कूलर घरघरत होता, त्यात ते ओरडून सांगत होते, “भाऊ, मी कायच रद्द नाही केलं, अन् हे अ‍ॅप म्हणून रायलं का आपण छपाई रद्द केली! काऊन बा?”

त्यांचं म्हणणं बरोबर होतं. पावती पाठवतानाच प्रिंटरचं अ‍ॅप क्रॅश झालं होतं. अँड्रॉइडमध्ये निकालासाठी दुसऱ्या अ‍ॅपची स्क्रीन उघडली की परत एक आकडा येतो. काम झालं तर उणे एक (हो, यशाचा आकडा उणे आहे), आणि ‘रिझल्ट कॅन्सल्ड’साठी शून्य. माणसानं मागे जायचं बटण दाबलं तरी शून्य आणि ती स्क्रीन क्रॅश झाली तरी शून्यच. अँड्रॉइडच्या दस्तऐवजात हे स्पष्ट लिहिलेलं आहे. तरी शून्य दिसला की ‘आपण रद्द केलं’ असं छापणारी अ‍ॅप्स ढिगानं सापडतात. गिऱ्हाइकावर नसता आळ!

प्रिंटरवाल्यांशी बोलून एक ठरवलं: माणसानं खरंच रद्द केलं, तर शून्यासोबत कारणही पाठवायचं. कागद संपला, प्रिंटर सापडला नाही, तेही तसंच. म्हणजे शून्य रिकामाच आला, तर पलीकडे काय झालं ते आम्हाला ठाऊक नाही, एवढाच त्याचा अर्थ. मग पडद्यावर येतं, “पावती निघाली की नाही ते कळलं नाही. प्रिंटर बघा.” खाली दोन बटणं: ‘निघाली’ आणि ‘पुन्हा छापा’.

आपोआप पुन्हा छापायचा मोह मी मुद्दाम टाळला. क्रॅश कागद निघण्याआधी झाला की नंतर, हे आपल्याला दिसत नाही. एकाच नंबरच्या दोन पावत्या गल्ल्यात आल्या की संध्याकाळी हिशेबाला बसलेला मुनीम आपलंच नाव घेतो. यूपीआयच्या बाबतीत तर ही चूक थेट पैशाची. यूपीआय अ‍ॅपकडून उत्तरात यशस्वी, अयशस्वी किंवा ‘सबमिटेड’ अशी स्थिती येते, कधी उत्तरच रिकामं येतं. फोनवर आलेलं कुठलंच उत्तर शेवटचं धरायचं नाही. व्यवहाराचा संदर्भ क्रमांक घेऊन सर्व्हरकडून खात्री करायची, तोवर ‘पुन्हा पैसे द्या’ हे बटण दाखवायचंच नाही.

उलटंही होतं. प्रिंटरचं अ‍ॅप समोर असताना कमी रॅमच्या फोनवर अँड्रॉइड आमचंच अ‍ॅप मारून टाकतं. परत आल्यावर स्क्रीन नव्यानं उभी राहते, निकालही मिळतो, पण कोणत्या बिलाचा? मेमरीतला नंबर गेलेला असतो. म्हणून बाहेर जाण्याआधीच बिल क्रमांक आणि ‘छपाईला पाठवलं’ ही नोंद डेटाबेसमध्ये पडते. हे तपासायला डेव्हलपर ऑप्शन्समधलं ‘डोन्ट कीप अ‍ॅक्टिव्हिटीज’ चालतं, पण त्यात फक्त स्क्रीन मरते. अख्खी प्रोसेस (मेमरीत चालू असलेला सगळा प्रोग्राम) मारायची तर अ‍ॅप मागे टाकून एडीबीवरून (कॉम्प्युटरवरून फोनला आज्ञा द्यायचं साधन) ‘एएम किल’ द्यायचं. पलीकडचं अ‍ॅप पाडून बघायला ‘एएम क्रॅश’ आहे. प्रिंटरवाल्यांच्या पोरांसमोर मी तेच चालवून दाखवलं, मग हा शून्य कुठून येतो याचा वाद मिटला.

पुढे त्यांनी बाइंड करता येणारी सर्व्हिस दिली, म्हणजे स्क्रीन न उघडता आम्हाला थेट जोडून घेता येईल असा पडद्यामागचा भाग. त्यात पलीकडची प्रोसेस मेली की ‘ऑन सर्व्हिस डिस्कनेक्टेड’ येतं, आणि कॉल अर्धवट असेल तर ‘डेड ऑब्जेक्ट एक्सेप्शन’ (एक्सेप्शन म्हणजे कोडमध्ये चूक झाल्याचा इशारा). मेल्याची वर्दी निदान वेगळी मिळते. पण सर्व्हिसमधून मनाला येईल ते एक्सेप्शन फेकून चालत नाही. नल पॉइंटर, इलीगल आर्ग्युमेंट असे मोजकेच प्रकार प्रोसेसची हद्द ओलांडतात. बाकीचे तिकडेच लॉगमध्ये पडतात, आणि लॉग म्हणतो की प्रोसेसपलीकडे एक्सेप्शन पाठवायची सोय ‘अजून’ नाही. त्यामुळे चूक झाली तर कोड आणि मजकूर उत्तरातच द्या, असं त्यांना सांगितलं. शिवाय अँड्रॉइड 11 पासून अ‍ॅपला आपली मागची प्रोसेस कशानं मेली ते विचारता येतं: क्रॅश, एएनआर (गोठून प्रतिसाद न देणं) की मेमरी कमी पडली. ते स्वतःपुरतंच कळतं, दुसऱ्याचं नाही. म्हणून ते काम त्यांच्याकडेच.

आता दोन-तीन दुकानदार आयफोनसाठी मागे लागले आहेत. तिथं एक अ‍ॅप दुसऱ्याला यूआरएलनं उघडतं, आणि परतीसाठी ‘एक्स-कॉलबॅक’ची पद्धत आहे. यश, चूक, रद्द असे तीन वेगळे पत्ते द्यायचे. पण पलीकडचं अ‍ॅप क्रॅश झालं तर यातल्या एकावरही काही येत नाही, शून्यसुद्धा नाही. म्हणून आयफोनवर छपाई आमच्याच अ‍ॅपात ठेवणार आहोत, तीही बीएलई (कमी वीज खाणारं ब्लूटूथ) प्रिंटर असेल तरच.