गुरुवारचे कॉल

मज्जारज्जूला इजा होऊन घरी गेलेल्या पेशंटना मी गुरुवारी व्हिडिओ कॉलवरून व्यायाम आणि काळजी शिकवते. नेटवर्कने आज फार छळलं नाही. जुन्नरकडच्या पेशंटच्या बायकोने फोन तांदळाच्या डब्याला टेकवला होता, त्यामुळे निम्मा वेळ मला घराचे पत्रेच दिसत होते. तरी चाललं.

जांभळाच्या झाडावरून पडून त्याच्या मज्जारज्जूला डी १० ला, म्हणजे छातीमागच्या दहाव्या मणक्याच्या पातळीला, इजा झालीय. कमरेखाली संवेदना नाही, पण हात शेतात राबलेले, भक्कम. इथे पुण्यात वॉर्डमध्ये व्हीलचेअरवरून पलंगावर सरकायला तो पटकन शिकला. घरी मात्र जमेना. का, ते आज कळलं. घरचा पलंग खुर्चीपेक्षा वीतभर उंच, त्यावर मधे खोलगट झालेली कापसाची गादी. वॉर्डमध्ये आम्ही खुर्ची आणि पलंग एका उंचीचे ठेवून शिकवतो आणि वाटतं, झालं. पलंगाचे पाय कापून घ्या म्हटलं, तर तो हळूच म्हणाला, "आईच्या लग्नातला आहे तो, मॅडम." विषय संपला. आता मागच्या खोलीतली लोखंडी कॉट पुढे आणायचीय.

मग माकडहाडाच्या वर दिसलेला डाग. फोटो स्पष्ट होता, पण सावळ्या कातडीवर लाली फोटोत कळत नाही. बायकोला म्हटलं, हाताची मागची बाजू लावून बघा, शेजारच्या कातडीपेक्षा गरम आहे का? "गरम लागतंय. आणि घट्टपण." म्हणजे दाबाने जखम सुरू होतेय. आता त्या जागेवर भार नको, कुशीवर झोपवायचं आणि रात्रीसुद्धा दर दोन तासांनी कूस बदलायची. मी हे किती सहज बोलून गेले! ती फक्त "बरं" म्हणाली.

टेलिरिहॅबमुळे, म्हणजे अशा कॉलवरच्या पुनर्वसनामुळे, पेशंटची खेप वाचते, असं आम्ही सगळीकडे सांगतो. खोटं नाही ते. जुन्नरहून पुण्याला यायचं म्हणजे गाडीभाडं, उचलायला दोन माणसं, त्यांचे बुडालेले रोज. पण माझ्या हातांचं काम आता तिचे हात करतात, ते कुणी मोजत नाही. दर चार-सहा तासांनी लघवी काढायला कॅथेटर म्हणजे नळी, रोज ठरल्या वेळी शौच, आरशाने कातडी तपासणं, पायांचे व्यायाम आणि वर म्हशी. जखमी सैनिकांसाठी आपल्या खडकीला १९७४ पासून पॅराप्लेजिक, म्हणजे पाय लुळे पडलेल्यांचं, पुनर्वसन केंद्र आहे, तिथे वर्षानुवर्षं राहता येतं. शेतकऱ्याला डिस्चार्ज कार्ड मिळतं.

शेवटच्या कॉलला जरा धावपळ झाली. मानेला इजा असलेला मुलगा, अचानक डोकं ठणकतंय, चेहरा लाल, घामाने डबडबलेला. डी ६ च्या वर इजा असली की रक्तदाब असा एकदम उसळू शकतो. व्यायाम बाजूला ठेवले. आधी त्याला ताठ बसवायला लावलं, पट्टे सैल करायला सांगितले आणि म्हटलं, लघवीची नळी बघा. मांडीखाली तिला पीळ पडून लघवी तुंबली होती. पीळ सोडवल्यावर उतरलं. उतरलं नसतं तर थेट हॉस्पिटल, त्यात कॉलवर थांबायचं नसतं. वडिलांकडून हे सगळं दोनदा वदवून घेतलं.

जुन्नरला संध्याकाळी मेसेज टाकला: पुढच्या गुरुवारी जाऊबाईंनाही बसवा, कूस बदलायला त्यांनाही शिकवते, रात्रीची एक पाळी तरी त्या घेतील. उत्तर आलं, "विचारते. पण तुम्हीच बोला त्यांच्याशी, माझं नाही ऐकणार."