भोपळा कुठाय?

चपलेवर किती, छत्रीवर किती, चष्म्याच्या काड्यांवर किती, याचे आमच्या घरात आकडे ठरलेले आहेत. कुणी ठरवले ते माहीत नाही, पण ओलांडतही कुणी नाही. कानात घालून गाणं ऐकायच्या वस्तूचा आकडा मात्र ठरलेला नव्हता, कारण फोनच्या खोक्यात जे येईल ते घालायचं अशी रीत होती. पुढे फोनवाल्यांनी खोक्यात काही द्यायचंच बंद केलं आणि प्रश्न आमच्या अंगावर आला. मी म्हणालो, "दोन हजार." हिने एवढंच विचारलं, "कानात घालायला?" त्या दोन शब्दांत माझा खर्च, माझी आवड आणि माझं वय यांचा एकदमच निकाल लागला. दोन हजार मात्र मंजूर झाले. एक रुपयाही जास्त नाही, हे वेगळं सांगायची गरज पडली नाही.

आमचा भाचा इथे सांगलीत वालचंद कॉलेजात इंजिनिअरिंग शिकतो. दोन हजार हा शब्द ऐकताच तो म्हणाला, "मामा, इअरफोन नका घेऊ. आयईएम घ्या." आयईएम म्हणजे इन-इअर मॉनिटर. मूळची ती स्टेजवरच्या गवयांची चीज. मागे ड्रम, बाजूला गिटार आणि समोर आरडाओरडा, त्यात आपलाच आवाज आपल्याला ऐकू यावा म्हणून कानात बसवायची. जेरी हार्वी नावाच्या साउंड इंजिनिअरने १९९५ च्या सुमारास व्हॅन हेलन या अमेरिकन बँडच्या ड्रमरसाठी असा जोड तयार केला आणि तिथून त्याचा धंदा उभा राहिला. सांगलीच्या माणसाला यात नवल वाटायचं कारण नाही. सीतास्वयंवर नाटकाचा पहिला प्रयोग १८४३ साली याच गावात झाला. पुढे संगीत नाटकं आली, तेव्हा नटाला सूर सापडावा म्हणून रंगमंचासमोर ऑर्गनवाला बसवत. तो कानात मावत नसे, एवढंच.

एके काळी हजारो रुपयांच्या खाली नसणारी ही वस्तू आता चिनी कंपन्यांनी वीस डॉलरच्या आसपास आणून ठेवली आहे. केझेड, मूनड्रॉप, टँगझू, सेव्हनहर्ट्झ अशी त्यांची नावं. दोन हजारांत पर्याय किती, हे मी मोजायला गेलो नाही. भाच्याने पाठवलेली यादी फोनवर अंगठ्याने वर सरकवता सरकवता माझा चहा निवला.

यादीतली निम्मी भांडणं ड्रायव्हरवर होती. ड्रायव्हर म्हणजे आतला इवलासा स्पीकर. एक डायनॅमिक असतो, मोठ्या स्पीकरचंच धाकटं रूप, पडदा मागेपुढे हलवणारा. दुसरा बॅलन्स्ड आर्मेचर. हा श्रवणयंत्रातून इकडे आलेला. आमच्या आईच्या कानामागे जे यंत्र असतं त्यात याच जातीचा स्पीकर बसवलेला आहे, हे कळल्यावर मला त्याच्याबद्दल एकदम आदर वाटू लागला. कंपन्या मात्र या दोघांची गर्दी करतात. एका कानात एक डायनॅमिक आणि चार आर्मेचर, आणि खोक्यावर तो आकडा ठसठशीत. दोन हजारांत पाच जणांना राबवायचं तर त्यांचं आपसात पटवायला पैसे कुठून उरणार? माझं मत असं झालं की या भावात एकच ड्रायव्हर असावा आणि तो नीट सुरात लावलेला असावा. भाचा म्हणाला, "हे सरसकट नाही म्हणता येत, मामा." मी म्हणालो, "दोन हजारांत म्हणता येतं."

खरी अडचण पुढे होती. या वस्तूंची परीक्षणं लिहिणारा जो तो ज्या गाण्यांवर पारखून बोलत होता, ती गाणी मी ऐकत नाही. बेस, म्हणजे खालचा जाड आवाज, कसा आदळतो, गिटारची तार किती धारदार वाजते, झांजा किती वर चमकतात, याची वर्णनं मी भक्तिभावाने वाचली. पण माझ्या फोनमध्ये आहे काय? ख्याल, नाट्यगीतं, आणि अब्दुल करीम खाँसाहेबांच्या जुन्या तबकड्यांवरून उतरवलेलं गाणं. खाँसाहेब मिरजेचेच म्हणायचे. १९३७ साली गेले ते दूर मद्रासकडे, पण त्यांची कबर मिरजेत दर्ग्याच्या आवारात आहे आणि उरुसात तिथे अजून रात्रभर गाणं चालतं. त्यांच्या तबकड्या तीन-साडेतीन मिनिटांच्या. त्या काळच्या यंत्रात वरच्या टिपेचे स्वर पुरते सापडतच नसत. वरच्या पट्टीत जे सापडलंय ती बहुतेक सुईची खरखर.

आता पाहा. समीक्षक ज्याला 'डिटेल' म्हणून डोक्यावर घेतात, ते पुष्कळदा आठ-दहा हजार हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला तेवढ्या कंपनांच्या, आसपास मुद्दाम चढवलेलं ट्रेबल, म्हणजे वरचा बारीक आवाज असतो. नव्या गाण्यात त्याने झांज चमकते. माझ्या गाण्यात खरखर चमकते, आणि खाँसाहेब त्या खरखरीच्या पलीकडून गात राहतात. बेसचंही तेच. बेस म्हणजे भडंगातला लसूण. हवाच, पण हात सैल सुटला की शेंगदाणा कुठला आणि चुरमुरा कुठला, काही कळत नाही. बेस फुगवलेल्या इअरफोनवर डग्ग्याची एकेक थाप गवयाच्या मांडीला मांडी लावून बसते, आणि तानपुरा तर खोलीतूनच निघून जातो.

मारुती रोडवरच्या एका दुकानात विचारून पाहिलं. तिथला पोरगा अदबशीर होता. "काका, ह्याचा बेस ऐका, कान हलतील," म्हणाला. कान हलवायला मी आलो नव्हतो, पण त्याचंही बरोबर होतं, त्याच्याकडे येणाऱ्या दहांतल्या नवांना तेच हवं असणार. डबी उघडून ऐकायची सोय मात्र नव्हती. एकाच्या कानातलं दुसऱ्याच्या कानात कसं देणार? म्हणजे ही वस्तू घ्यायची ती दुसऱ्याच्या कानाच्या भरवशावर. लग्नाची मुलगीसुद्धा हल्ली कुणी अशी ठरवत नाही.

भाच्याचा भरवसा प्रत्येक जोडाच्या ग्राफवर. आडव्या रेघेवर हर्ट्झ, म्हणजे सूर किती वरचा, उभ्या रेघेवर डेसिबल, म्हणजे तो किती मोठ्याने, आणि मधून डोंगरदरीची एक रेघ. मी सुरुवातीला नाक मुरडलं, पण त्याने समजावून सांगितलं तेव्हा गोष्ट पटण्यासारखी निघाली. तीन हजार हर्ट्झपाशी त्या रेघेला टेकाड असतं. ते असावंच लागतं, कारण आपल्या कानाची नळी आणि पाळी मिळून बाहेरून येणारा आवाज त्याच जागी मुळात चढवतात. कानात बूच बसवलं की ते नैसर्गिक चढवणं बिघडतं, म्हणून यंत्राला ते भरून काढावं लागतं. आणि ज्या आदर्श रेघेशी सगळे तुलना करतात ती हारमन कंपनीच्या संशोधकांनी माणसांना गाणी ऐकवून, बेस आणि ट्रेबल त्यांच्या हातांनी कमीजास्त करायला लावून काढलेली. म्हणजे विज्ञान म्हणून समोर येणाऱ्या त्या रेघेच्या पोटात पुष्कळ लोकांची आवडच आहे, सरासरी काढलेली. हे कळल्यावर माझी भीड चेपली. त्या लोकांत तानपुरा लावून बसणारे किती असतील? मग माझी रेघ त्यांच्यापेक्षा जरा खाली-वर गेली तर बिघडलं कुठे? भाच्याला मी सांगितलं की वरच्या अंगाला मवाळ असेल आणि खाली फुगलेलं नसेल असं काय आहे ते तुझ्या ग्राफवरून काढ. ग्राफचा उपयोग आहे तो इतका. नको ते गाळायला तो फार चांगला.

भाच्याच्या होस्टेलवर या नादाचे बरेच मित्र. त्यांच्याकडचे दोन-तीन जोड त्याने माझ्यासाठी उसने आणले. त्यातला टँगझूचा वान-अर मला बरा वाटला. चीनच्या तांग राजवटीतल्या एका कवयित्रीचं ते नाव. आमच्या घरात त्याचा वानर झाला, ते एक असो. गवयाचा आवाज जवळ, खरखर मागे, आणि किंमत दोन हजारांच्या आत. फक्त काहीतरी कमी होतं, आणि काय ते सांगता येत नव्हतं.

ते सांगितलं मिरजेतल्या एका कारागिराने. सतारमेकर गल्लीत माझं अधूनमधून जाणं असतं, काम काही नसतं. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा आनंद गल्लीत आहे, पण काम पूर्वीसारखंच चालतं. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा भोपळा, वर्षानुवर्षं वाळवलेला, तेच वाद्याचं घुमणारं पोट. मी गेलो तेव्हा ते कारागीर तानपुऱ्याची जवारी काढत होते. तारा ज्यावर टेकतात त्या घोडीचा माथा कानशीने अगदी केसभर घासायचा, तार छेडायची, ऐकायचं, पुन्हा घासायचं. तारेखाली सुताचा धागा सरकवायचा, आणि एका जागी तार एकदम बोलायला लागते. एका सुरातून वरचे कितीतरी सूर फुटतात. इतका वेळ समोर ग्राफ पाहिलेल्या मला ते नुसतं बघत बसावंसं वाटलं.

मी खिशातून वानर काढला, कानात शिरणारं त्याचं रबर पुसलं आणि तानपुऱ्याचं ध्वनिमुद्रण लावून त्यांच्या हाती दिला. त्यांनी डोळे मिटून थोडा वेळ ऐकलं. मग म्हणाले, "तार बरोबर आहे. भोपळा कुठाय?"

एवढ्या वाचनात कुणी इतकं नेमकं बोललं नव्हतं. काळी एकमध्ये, म्हणजे पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीत, गाणाऱ्याच्या तानपुऱ्याची खर्जाची तार सत्तर हर्ट्झच्या जरा अलीकडे बोलते. ते सगळं अंग भोपळ्याचं. आणि कानाच्या नळीत रबर घट्ट बसलं नाही, केसाएवढी फट राहिली, की सगळ्यात आधी तेच अंग गळून जातं. वरचे सूर तसेच राहतात, म्हणून काही बिघडलंय असं वाटतही नाही. मी डबीतलं मोठं रबर चढवून पुन्हा दिलं. दुसऱ्या हाताने कानाची पाळी वर आणि मागे ओढून आत सरकवायला सांगितलं. नळी सरळ होते त्याने. ते हसले. "हां. आला. पण लहान आहे." सव्वा इंचाच्या यंत्रात भोपळा लहानच येणार.

घरी येऊन मी माझ्याच कानांची मापं घेत बसलो. माझा उजवा कान डाव्यापेक्षा मोठा निघाला. डाव्याला मधलं रबर, उजव्याला मोठं, असं केल्यावर खर्ज दोन्हीकडे समसमान आला आणि गवई एकदम मधोमध येऊन बसला. आधी तो जरा डावीकडे झुकलेला असायचा. लोक ड्रायव्हरवर वाद घालतात. माझ्या मते या भावात निम्मा आवाज रबरात असतो, आणि त्याची किंमत जवळजवळ काहीच नाही. फोमचीही रबरं मिळतात, चिमटून आत घालायची. ती घट्ट बसतात, ट्रेबलही जरा मऊ करतात, पण लवकर विटतात. माझ्या तबकड्यांना ती बरी मानवली.

बाकीचं पटकन सांगतो. वायर सुटी होणारी घ्यावी, दोन पिनांची असते ती, कारण यंत्र टिकतं आणि वायर जॅकपाशी मरते. फोनला गोल भोक नसेल तर चार्जिंगच्या भोकात खुपसून वायर जोडायच्या सी-टाईपच्या छोट्या डोंगलचे पैसे दोन हजारांतच धरावे लागतात, हे घरच्या अर्थमंत्र्यांना आधीच सांगितलेलं बरं. वायर कानावरून मागे घेऊन घालायची. पहिल्यांदा विचित्र वाटतं, पण वायर घासल्याचा आवाज कानात येत नाही. आणि रबर घट्ट बसलं की बाहेरचं बंद होतं, त्यामुळे आवाज कमी ठेवून भागतं. यात कानांचं भलं आहे. रस्त्यावर मात्र घालू नये. सांगली-मिरज रोडवर एसटीचा हॉर्न ऐकू येणं हे जवारी ऐकू येण्यापेक्षा महत्त्वाचं. घरात घातलं की हिची हाक ऐकू येत नाही, आणि हे मुद्दाम घेतलं असा एक कायमचा संशय आहे.

मार्केट यार्डात आमच्या अडतीवर एक हमाल आहे, जत तालुक्यातला. पोत्यात हात घालून हळकुंड काढतो, मोडतो, आणि मोडल्याच्या आवाजावरून आत ओल किती ते सांगतो. सहसा चुकत नाही. माझ्या कानातली वायर बघून त्याने विचारलं, "चांगला कुठला घ्यावा?" मी विचारलं, "ऐकतोस काय?" तो म्हणाला, "धनगरी ओव्या. ढोल." मी त्याला मारुती रोडच्या त्या पोराकडे पाठवलं आणि कान हलवणारा जोड मागायला सांगितलं. माझ्या जोडाच्या निम्म्या पैशांत काम झालं.

आठवड्याने त्याला विचारलं, कसा आहे? म्हणाला, "ढोल झकास. ओवी म्हणणारा जरा लांब उभा राहिलाय." मी म्हणालो, मग बदलून घेऊ या, तिथेच दुसरा मिळेल. तो म्हणाला, "नको. जत्रेत ढोलाच्या मागंच उभा असतोय की त्यो."