बे पोढियो

आमच्या घरी एक फिरकीचा तांब्या होता. पितळेचा, पोटाला गोल, आतून कल्हई केलेला. प्रवासाला निघताना आई सगळ्यात शेवटी तो भरायची, फिरकी आवळायची आणि "हं, झालं" म्हणायची. मग घराला कुलूप. तांब्याबरोबर पिशवीत सुतळीचा एक गुंडाही असायचा. वाटेत विहीर लागली आणि पोहरा नसला तर? माझ्या आठवणीत तो गुंडा एकदाही सुटला नाही, पण तो घेतल्याशिवाय आम्ही कधी निघालोही नाही.

ऑक्टोबरात भाच्याबरोबर कुकडीच्या खोऱ्यात दोन दिवस जायचं ठरलं, तेव्हा त्याच्या डिकीत पाण्याच्या सहा बाटल्या होत्या, वीस लिटरचा एक जार होता आणि नळी तोंडात धरून ओढायची ती पाठीवरची पाणपिशवी वेगळी.

"अरे, जुन्नरला चाललोय आपण. जैसलमेरला नाही."

"हायड्रेशन, मावशी," तो म्हणाला आणि गाडी सुरू केली.

तिकडची जुनी माणसं कुकडीच्या खोऱ्याला कुकडनेर म्हणतात, शेजारच्या मीना नदीचं ते मीननेर. 'खोरं' म्हटलं की मला भूगोलाचं पुस्तक आठवतं, 'नेर' म्हटलं की सोयरीक जुळवणारी माणसं. सरकारनं २०१८ साली जुन्नर हा पर्यटन तालुका जाहीर केला, आणि इथं काय बघायला नाही ते सांगणंच सोपं. शिवनेरी आहे, लेण्याद्री-ओझरचे गणपती आहेत, माणिकडोहला बिबट्यांचं निवारा केंद्र आहे, खोडद आणि आसपासच्या परिसरात रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या आकाशाकडे कान लावून बसल्यात. भाच्यानं सगळ्याची यादी करून आणली होती. मी त्यातलं निम्मं खोडलं. दोन दिवसांत एक नदी बघून झाली तरी पुष्कळ.

जुन्नरात मासवडी-रस्सा खाऊन आम्ही पश्चिमेला वळलो. डावी-उजवीकडे धरणाचा फुगवटा, काठावर भाताची पिवळी पडत चाललेली खाचरं, उतारांवर सोनकी. चावंडच्या पायथ्याशी मी गाडीत डुलकी काढली आणि भाचा गड चढून आला. वर पाण्याची सात टाकी आहेत, सप्तमातृकांच्या नावाची, एकाला एक लागून. तो फोटो दाखवत होता आणि स्वतःच्या नळीतून पाणी ओढत होता. सात टाक्यांच्या शेजारी उभं राहून नळीतून पाणी पिणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहिला. पुढं पूर गावी कुकडेश्वराचं देऊळ, तिथंच नदीचा उगम मानतात. ज्या नदीवर पुढं एवढं मोठं धरण बांधलंय, ती इथं पाऊल टाकून ओलांडता येते.

नाणेघाट जुन्नरपासून तीसेक किलोमीटरवर. घाटमाथ्यावरून कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांकडे उतरणारी सातवाहनांच्या वेळची ही वाट. ती उतरायला लागतो तिथंच लेणं आहे आणि त्यात नागनिका राणीचा प्रसिद्ध ब्राह्मी लेख. कोणकोणते यज्ञ केले आणि दक्षिणा काय दिली याची ती यादी आहे : गाई, घोडे, हत्ती, कार्षापण नावाची नाणी. गाई हजारांनी दिल्या म्हणून मोठमोठे आकडे कोरावे लागले, आणि त्यामुळे अंकांच्या इतिहासात नाणेघाटाचं नाव आलं. समोरच्या भिंतीवर राजघराण्यातल्या मंडळींच्या प्रतिमा होत्या. वर नावं शाबूत आहेत, खाली फक्त पावलांच्या खुणा उरल्यात. मधलं सगळं गेलं. एखाद्या जुन्या ग्रुप फोटोला वाळवी लागावी तसं.

बाहेर वाटेच्या कडेला तो दगडी रांजण. जकातीची नाणी यात टाकत, असं सगळेच सांगतात.

"जगातला जुना टोलनाका," भाचा म्हणाला.

असेलही. पण मी त्यात डोकावले तेव्हा तळाशी पावसाचं पाणी होतं आणि पाण्यात एक सोनकीचं फूल. मला रांजण दिसला की आधी पाणी आठवतं, पैसे नंतर. हा संस्काराचा दोष.

शेजारी एक पोरगा प्लास्टिकच्या कागदाखाली लिंबू सरबत आणि बाटल्या घेऊन बसला होता. भाच्याच्या सहाच्या सहा बाटल्या गाडीत राहिल्या होत्या, नळीची पिशवी चावंडवरच संपली होती. मी बोटं दाखवत म्हटलं, "दे रे, बे बाटल्या."

"किती, आजी?"

आजी म्हटल्याचं मनाला लागलं, पण चूक माझी होती. त्याचं असं की एम. ए. ला आम्हाला प्राकृत शिकवायला एक बाई होत्या. त्यांनी एकदा फळ्यावर जुन्नरच्या लेण्यांतला एक लेख लिहिला : *यवनस इरिलस गतान देयधम बे पोढियो.* पोढी म्हणजे खडकात खोदलेलं पाण्याचं टाकं. गत नावाच्या लोकांपैकी इरिल या यवनाचं, म्हणजे परक्या माणसाचं दान, दोन टाकी. संपला लेख. बाईंनी 'बे'खाली रेघ ओढली आणि आमच्याकडून, एम. ए. च्या वर्गाकडून, बे एके बे, बे दुणे चार म्हणून घेतलं. एरवी आपण दोन म्हणतो, पण पाढ्यात अजून त्या यवनाच्या दानातलाच 'बे' म्हणतो.

राणीच्या यादीपेक्षा मला हा इरिल जवळचा वाटतो. कुठला कोण परका माणूस, कशासाठी इथवर आला, आणि द्यायची वेळ आली तेव्हा त्यानं ना सोनं दिलं ना गाई. पाणी दिलं. पण दोनच टाकी का? भाच्याचं म्हणणं, एक भरलं की दुसरं, बॅकअप. माझं उत्तर वेगळं आहे. एक पिण्याचं आणि एक वापरायचं. पुरावा माझ्यापाशी नाही. फक्त स्वयंपाकघर आहे.

रात्री घाटघरला एका घरी उतरलो होतो. जेवणाआधी मी ओट्याजवळच्या हंड्यात तांब्या बुडवायला गेले तशी घरातल्या वहिनी ओरडल्या, "ते नका घेऊ, ते वापरायचंय. पलीकडचं घ्या." मी भाच्याकडे बघितलं. तो भाकरीत तोंड घालून बसला होता.

जेवताना वहिनींचे सासरे बोलत होते. आषाढात इतका कोसळतो की दाराबाहेर पाऊल टाकवत नाही, आणि वैशाखात हंडाभर पाण्यासाठी विहिरीच्या तळाशी वाटी घेऊन बसावं लागतं. खडक पाणी धरून ठेवत नाही. खाली धरणात आहे, पण ते कालव्यानं पारनेर, श्रीगोंदा, कर्जत, पार करमाळ्यापर्यंत जातं. "तिकडं ऊस पितो," ते म्हणाले. आवाजात तक्रार नव्हती, म्हणून ऐकणं अवघड गेलं. बाहेर ओट्यावर भाच्यानं वीस लिटरचा जार आणून ठेवला होता, उगाच लाजल्यासारखा. त्यांनी त्याकडे पाहिलं आणि विचारलं, "रिकामा झाला की जार ठेवून जाणार काय?" ठेवून आलो.

दुसऱ्या दिवशी नदीबरोबर पूर्वेला निघालो, निघोजपर्यंत. तिथं कुकडीनं काळ्या कातळात रांजणखळगे कोरलेत. भोवऱ्यात सापडलेले गोटे हजारो वर्षं एकाच जागी गरगरत राहिले आणि दगड पोखरून काढला. काही खळगे ओंजळीएवढे, काही माणूस उभा मावेल एवढे. कडा इतक्या गुळगुळीत की हात फिरवला की कल्हई केलेल्या भांड्याची आठवण येते.

भाचा पालथा पडून फोटो घेत होता. त्याच्या पिशवीच्या बाजूच्या कप्प्यातून स्टीलची बाटली घरंगळली आणि ठण्ण करून एका खळग्यात गेली. अर्धीच भरलेली, फिरकी घट्ट, म्हणून बुडाली नाही. पाण्यात मान वर काढून कडेकडेनं सावकाश फिरायला लागली. त्यानं हात घातला. वीतभर कमी पडत होता.

"मावशी, सुतळी आहे?"

डोक्याला लावायचा दिवा, शिट्टी, चाकू, होकायंत्र एवढं सगळं होतं त्याच्याकडे. मी पर्स उचकटली. माझ्याकडेही नव्हती. शेवटी ओढणी काढली, टोकाला सरकगाठ मारली आणि खळग्यात सोडली. तिसऱ्या खेपेला बाटलीच्या झाकणावरचं कडं गाठीत अडकलं. ओली ओढणी हाताला गुंडाळत मी बाटली वर ओढून घेतली. त्यानं फिरकी उघडली, दोन घोट प्यायला आणि बाटली माझ्यापुढे केली.

"गार झालंय," तो म्हणाला.