उलटा ससा

मे महिन्याची सुट्टी लागलेली, तरी भूगोलाच्या बाईंनी आम्हा दहा-बारा जणींना तासगावच्या आपल्या शाळेच्या मैदानावर बोलावलं होतं. साल १९९४, आमची आठवी नुकतीच संपली होती. एक मीटरची काठी, ओळंबा आणि खडू एवढंच साहित्य. साडेअकराला काठीची सावली वीतभर होती. आम्ही दर पाच मिनिटांनी खडूने खूण करत होतो. साडेबाराच्या सुमारास सावली काठीच्या बुडाशी शिरली आणि दिसेनाशी झाली. कुणीतरी म्हणालं, "बाई, बाराला सूर्य डोक्यावर येतोच की!" बाई म्हणाल्या, "रोज? मोजलंस का कधी?" तासगावात सूर्य वर्षातून दोनच दिवस बरोबर माथ्यावर येतो, एकदा मेमध्ये आणि एकदा ऑगस्टमध्ये, हे मला त्या दिवशी कळलं.

२००९ साली नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही मेलबर्नला आलो. भाड्याचं घर बघताना मी हट्टाने दक्षिणेच्या खिडक्यांचं घर घेतलं. माहेरी थंडीत दक्षिणेच्या सोप्यात ऊन यायचं, त्याच हिशेबाने. जून आला, इथला हिवाळा सुरू झाला आणि घरात उन्हाची तिरीपसुद्धा येईना. मी रोज वाट बघायची. नोकरी सोडून आलेली, ओळख कुणाची नाही, आणि घर असं गारठलेलं. ते महिने मी फार रडून काढले. एका दुपारी कपडे वाळत घालायला मागे गेले, तर माझी सावली दक्षिणेला पडलेली. सूर्य उत्तरेला होता! हे सगळं मी शाळेत शिकले होते, परीक्षेत लिहिलंही होतं. पण मोजलं नव्हतं.

मुलगी झाली नोव्हेंबर २०११ मध्ये. आईला व्हिसाच्या अडचणीमुळे बाळंतपणाला येता आलं नाही. इथे सरकारी परिचारिका बाळ साडेतीन वर्षांचं होईपर्यंत ठरावीक दहा वेळा तपासते, तेही मोफत. त्या बाईंनी मला खूप धीर दिला. पण पहाटे तीनला बाळ रडायला लागलं की आपलंच माणूस हवं असतं. उन्हाळ्यात इथली घड्याळं भारताच्या साडेपाच तास पुढे असतात, म्हणजे तेव्हा तासगावात रात्रीचे साडेनऊ. आई जागी असायची. जानेवारीतल्या एका रात्री मी बाळाला खांद्यावर घेऊन मागच्या अंगणात फोनवर बोलत होते. आई गच्चीवर होती. ती म्हणाली, "इकडं दक्षिणेला अगस्ती उगवलाय बघ, पार खाली." मी मान वर केली. माझा अगस्ती आकाशात उंच होता. विंध्याला वाकायला लावून दक्षिणेला गेलेले आणि परत न आलेले अगस्ती ऋषी आईनेच मला सांगितले होते. त्या रात्री आम्ही दोघी एकाच ताऱ्याकडे बघत कितीतरी वेळ काही बोललो नाही.

मग मी आकाश नव्याने शिकायला घेतलं. इथे मृग नक्षत्र उलटं दिसतं आणि व्याधाचा तारा त्याच्या वरच्या बाजूला. मृगातले ओळीतले तीन तारे, म्हणजे बाण, आणि त्याच्या जवळचे तारे मिळून इथल्या लोकांना सॉसपॅन दिसतं. ध्रुव कधीच दिसत नाही. आमच्या व्हिक्टोरिया राज्याच्या उत्तर-पश्चिम भागातल्या बूराँग या मूळनिवासी लोकांसाठी अगस्ती म्हणजे कावळा, माणसांना अग्नी आणून देणारा. १८५७ साली त्यांची तारकांची नावं एका गोऱ्या वसाहतवाल्याने टिपून ठेवली, म्हणून ती आपल्यापर्यंत आली.

लेक चार वर्षांची असताना आम्ही तासगावला आलो. गच्चीवर आजीच्या मांडीवर बसून ती चंद्राकडे बघत राहिली आणि म्हणाली, "आजी, तुझा ससा उलटा आहे." आईला वाटलं पोर काहीतरीच बोलतेय. मला मात्र भूगोलाच्या बाई आठवल्या. परत गेल्यावर मी अंगणात मीटरची काठी रोवली. २२ डिसेंबरला घड्याळात सव्वा वाजून गेल्यावर सर्वांत आखूड सावली आली, २६ सेंटिमीटर. जूनमध्ये हीच दुपारची सावली १८२ सेंटिमीटर भरली. शून्य कधीच होत नाही, कारण मेलबर्न मकरवृत्ताच्याही दक्षिणेला आहे. काठीची सावली इथे घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरते, हे लेकीने खडूच्या खुणांवरून मला दाखवलं.

पुढे एका मार्चमध्ये तिला घेऊन व्हिक्टोरियातल्याच मिल्ड्युराला गेले. तिथे द्राक्षं रॅकवर वाळत होती, अगदी आपल्याकडच्या बेदाण्याच्या शेडमधल्यासारखी. बाबा ज्या पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यात घड बुडवायचे, ती पद्धत मुळात ऑस्ट्रेलियाची. तिथली सुलताना जातीची द्राक्षं म्हणजे आपली थॉमसन, आणि बोरगावची तास-ए-गणेश तिचीच निवड. मी त्या मळ्यात उभी राहून बाबांना फोन लावला. ते अर्धा तास फक्त फवारण्या विचारत होते.

आपल्या शाळेच्या सध्याच्या विद्यार्थ्यांना माझी एक विनंती आहे. येत्या २२ डिसेंबरला दुपारी साडेबाराच्या सुमारास मैदानावर मीटरची काठी ओळंब्यात उभी करा. तुमची सावली उत्तरेला पडेल, आमची दक्षिणेला. दोन्हीकडे सर्वांत आखूड सावलीवरून सूर्य माथ्यापासून किती अंश कलला आहे ते काढून बेरीज केली की तासगाव आणि मेलबर्न यांच्या अक्षांशांतलं अंतर मिळतं. आमची सावली २६ सेंटिमीटर. तुमची किती भरते ते शाळेमार्फत कळवा. लेकीने वहीत जागा मोकळी ठेवली आहे.