पुएब्ला: एका दिवसात उरकू नका

मेक्सिको सिटीला जाणारे बहुतेक पर्यटक पुएब्ला दिवसाच्या सहलीत उरकतात. सकाळची बस, कॅथेड्रल, सोन्याचं चॅपल, जेवण, संध्याकाळची बस. आमच्यासोबत आई-बाबा होते. त्यांना एकाच दिवशी जायचे दोन आणि यायचे दोन तास बसमध्ये बसवायला नको, म्हणून आम्ही जुन्या गावातच खोल्या घेतल्या. आता कुणीही विचारलं तर पहिला सल्ला हाच देते: चौकापासून चालत जाता येईल असं हॉटेल बघा आणि निदान दोन रात्री राहा. अकराच्या सुमारास सहलीवाले येतात आणि पाच वाजता निघून जातात. त्याच्या आधीचं आणि नंतरचं गाव वेगळंच असतं.

आधी कामाच्या गोष्टी. भारतीय पासपोर्टवर मेक्सिकोचा व्हिसा लागतो. पण अमेरिकेचा चालू व्हिसा किंवा ग्रीन कार्ड असेल तर पर्यटनासाठी वेगळा व्हिसा काढावा लागत नाही. आई-बाबा अमेरिकेच्या पर्यटक व्हिसावरच आले. कॅनडा, ब्रिटन, जपान आणि शेंगेनच्या व्हिसालाही ही सवलत आहे. हे नियम बदलत असतात, तेव्हा तिकीट काढण्याआधी मेक्सिकोच्या दूतावासाचं पान एकदा उघडून बघा.

मेक्सिको सिटीच्या विमानतळावरूनच पुएब्लाची थेट बस मिळते, राजधानीत शिरायची गरज नाही. राजधानीतून निघणार असाल तर तापो नावाच्या मोठ्या स्थानकावरून दिवसभर बस सुटतात. अंतर साधारण १३० किलोमीटर. गाड्या चांगल्या असतात, फक्त आतला एसी गारठवतो, शाल हाताशी ठेवा. पुएब्लाचं मुख्य स्थानक कापू गावाबाहेर आहे. तिथं स्थानकाच्या आतच टॅक्सीची खिडकी असते. आधी पैसे भरून चिठ्ठी घ्यायची आणि मग बाहेर जायचं. घासाघीस नाही, भांडण नाही.

गाव समुद्रसपाटीपासून २१०० मीटरहून उंचावर आहे, महाबळेश्वरपेक्षा बरंच वर. पहिल्या दिवशी बाबांना जिना चढताना धाप लागली, दुसऱ्या दिवशी नाही. त्यामुळे पोचल्या दिवशी कॅथेड्रलच्या मनोऱ्यावर चढायचे बेत करू नका.

पत्ते मात्र एकदा समजून घ्यावेत. स्पॅनिशांनी १५३१ साली हे गाव मोकळ्या जागेवर काटकोनात आखून वसवलं, आणि रस्त्यांना आज बहुतेक नावांऐवजी आकडे आहेत. पूर्व-पश्चिम रस्ते म्हणजे आव्हेनिदा, उत्तर-दक्षिण ते काये. चौकाजवळ दोन मुख्य रस्ते एकमेकांना छेदतात, तिथून मोजायला सुरुवात. उत्तरेकडच्या आव्हेनिदा सम आकड्यांच्या, दक्षिणेकडच्या विषम. पूर्वेकडचे काये सम, पश्चिमेकडचे विषम. पुढे ओरिएन्ते म्हणजे पूर्व, पोनिएन्ते म्हणजे पश्चिम, नोर्ते उत्तर, सुर दक्षिण. म्हणजे ‘६ ओरिएन्ते’ म्हटलं की चौकाच्या उत्तरेला तिसरी आव्हेनिदा, तिचा पूर्वेकडचा भाग. नवऱ्यानं नकाशा बंद करून गल्ल्यांतून फिरायचा खेळच लावला होता आणि एकदाही चुकला नाही, याचं श्रेय मी गावाला देते.

चौकाला सोकालो म्हणतात. झाडं, कारंजं, तिन्ही बाजूंना कमानींचे व्हरांडे आणि दक्षिणेला कॅथेड्रलची लांबलचक कूस. बांधकाम १५७५ ला सुरू झालं. मग बरीच वर्षं रखडलं, आणि बिशप हुआन दे पालाफोक्स यांनी मागे लागून ते मार्गी लावलं. १६४९ ला अभिषेक झाला. बाहेरून करडा दगड, फारसा नटवा नाही. मुख्य दर्शनी भाग पश्चिमेकडे आहे, त्यामुळे फोटो काढायचे तर दुपारनंतर जा. सकाळी तो सावलीत असतो. मनोरे जवळजवळ ७० मीटर उंच. आवाराच्या कठड्यावर देवदूतांच्या मूर्ती ओळीनं उभ्या आहेत, कारण गावाची कथाच तशी आहे: मनोऱ्यावरची अवजड घंटा माणसांना उचलेना, तेव्हा रात्री देवदूतांनी येऊन ती वर बसवली म्हणे. आत मधोमध मानुएल तोल्सा यांनी आखलेली मोठी वेदी आहे. मला आतला भाग थोडा जड वाटला. आईला मात्र तिथून हलवणं कठीण झालं.

रस्ता ओलांडला की ५ ओरिएन्तेवर कासा दे ला कुल्तुरा, आणि वरच्या मजल्यावर पालाफोक्सियाना ग्रंथालय. गावात एकच गोष्ट बघायला वेळ असेल तर सोन्याचं चॅपल सोडा, पण हे सोडू नका. याच पालाफोक्स यांनी १६४६ मध्ये स्वतःची ५००० पुस्तकं दिली, ती या अटीवर की वाचता येणाऱ्या कुणालाही ती बघायला मिळावीत. अमेरिका खंडातलं पहिलं सार्वजनिक ग्रंथालय म्हणून याचं नाव घेतलं जातं. आज तिथं ४५,००० हून जास्त ग्रंथ आहेत. आत्ता दिसतं ते दालन १७७३ चं: लांब खोली, दोन्ही बाजूंना कोरीव लाकडी कपाटांचे तीन मजले, टोकाला देवीच्या चित्राची सोनेरी वेदी. पुस्तकांना हात लावता येत नाही, फ्लॅश चालत नाही. बाबा निवृत्त ग्रंथपाल. त्यांनी कपाटाच्या जाळीशी उभं राहून एक कणा वाचायचा प्रयत्न केला आणि मग रखवालदाराला खुणेनं विचारलं, “वाळवी?” त्या बिचाऱ्यानं हात जोडले. सोमवारी हे बंद असतं. गावातली बहुतेक संग्रहालयंही सोमवारीच बंद असतात, हे लक्षात ठेवून दिवस आखा.

सोन्याचं चॅपल म्हणजे सान्तो दोमिंगो चर्चमधलं कापिया देल रोसारिओ, १६९० साली पूर्ण झालेलं. चौकातून ५ दे मायो या पायी रस्त्यानं उत्तरेला पाच-सात मिनिटं चाललं की डावीकडे चर्च. भिंतींवर आणि घुमटावर गिलाव्याची उठावदार नक्षी, वर सोन्याचा वर्ख, बोटभर जागा मोकळी नाही. वेली, चेहरे, पोरं, वाद्यं वाजवणारे देवदूत. मान दुखेपर्यंत वर बघत राहायचं. प्रार्थना चालू असेल तर पर्यटकांना थांबवतात, आणि तेच योग्य आहे. दार उघडल्या उघडल्या गेलात तर शांतपणे बाकावर बसायला मिळतं.

आता ज्या कारणासाठी मी स्वतः पुएब्ला निवडलं ते. कॅथेड्रलच्या पूर्वेला अगदी जवळ, पालाफोक्स मार्ग आणि ४ सुरच्या कोपऱ्यावर, ला कोम्पान्यिआ हे जेझुइटांचं, म्हणजे त्या नावाच्या कॅथलिक पाद्र्यांच्या संघाचं चर्च आहे. दर्शनी भाग पांढरा, नक्षीनं भरगच्च. इथं भारतातून आलेल्या एका बाईला पुरलं आहे. कातारिना दे सान हुआन हे तिचं बाप्तिस्म्यानंतरचं नाव, मूळचं मिर्रा असं सांगतात. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला पोर्तुगीज चाच्यांनी तिला लहानपणी पळवलं. कोचीनला बाप्तिस्मा झाला, मनिलाच्या बाजारात ती विकली गेली आणि प्रशांत महासागर ओलांडून मेक्सिकोच्या आकापुल्को बंदरामार्गे इथं पोचली. पुएब्लाच्या मिगेल दे सोसा या कप्तानानं तिला विकत घेतलं. धन्याच्या मृत्यूनंतर ती मुक्त झाली. दृष्टान्त होणारी साध्वी म्हणून तिची ख्याती पसरली आणि १६८८ च्या जानेवारीत ती गेली तेव्हा अंत्ययात्रेला गाव लोटलं. आलोन्सो रामोस या जेझुइटानं तिचं तीन खंडांचं चरित्र छापलं. त्यात तिला मोगल राजघराण्याशी जोडलं होतं आणि चमत्कार इतके होते की इन्क्विझिशननं, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयानं त्यावर बंदी घातली.

ती नेमकी कुठली, हे कुणीच खात्रीनं सांगू शकत नाही. मोगल मुलखातली, एवढंच तिच्या चरित्रकारांनी लिहिलं. राजकन्येच्या गोष्टीवर माझा विश्वास नाही. चाच्यांनी पळवलेल्या पोरीला नंतर सगळेच राजकन्या करतात. पण कोचीन ते पुएब्ला हा प्रवास खरा आहे. मनिलाची जहाजं १५६५ पासून अडीचशे वर्षं आकापुल्कोला रेशीम आणि चिनी मातीची भांडी आणत होती, आणि त्यांच्याबरोबर गुलामही. आशियातून आलेल्या सगळ्यांनाच इथं चिनी म्हणत, म्हणून ती ‘चिना पोब्लाना’, म्हणजे पुएब्लाची चिनी बाई. भरतकामाची चोळी आणि टिकल्यांचा लाल-हिरवा घागरा असा जो पोशाख त्याच नावानं मेक्सिकोभर नाचात दिसतो, तो तिनंच आणला असं दुकानदार तुम्हाला सांगतील. तो पोशाख एकोणिसाव्या शतकातला आहे. ही बाई जाड्याभरड्या साध्या कपड्यांत राहायची. आत्ताचं चर्चही तिच्यानंतरचं, १७६७ चं, आणि त्याच वर्षी स्पेनच्या राजानं जेझुइटांना हाकललं. तिची जागा सॅक्रिस्टीत आहे, म्हणजे पाद्र्यांच्या तयारीच्या खोलीत. ती एरवी बंद असते, आत जो कुणी सेवक दिसेल त्याला नम्रपणे विचारा. आईनं पिशवीतलं फूल काढून ठेवलं. मी काही बोलले नाही.

खाण्याकडे वळते, कारण शाकाहारी मंडळींचे प्रश्न सगळ्यात जास्त येतात. इथं ‘मांस नको’ म्हटल्यावर कोंबडी येऊ शकते, कारण कार्ने म्हणजे त्यांच्या डोक्यात लाल मांस. वाक्य पूर्ण म्हणा: सिन कार्ने, सिन पोयो, सिन काल्दो दे पोयो, सिन मान्तेका. मांस नको, कोंबडी नको, कोंबडीचा रस्सा नको, डुकराची चरबी नको. शेवटचं महत्त्वाचं, कारण घेवड्याच्या पातळ भाजीत आणि चालुपा, म्हणजे मक्याच्या छोट्या पोळ्या तळायला चरबी वापरतात. पुएब्लाचा प्रसिद्ध मोले, म्हणजे सुक्या मिरच्या, तीळ, बदाम, मसाले आणि थोडं चॉकलेट वाटून केलेला दाट काळपट रस्सा, तो बहुतेक ठिकाणी कोंबडीच्या पाण्यात शिजवलेला असतो. वरची कोंबडी काढली म्हणून तो शाकाहारी होत नाही. आई-बाबांसाठी आम्ही शाकाहारी खानावळ शोधून तिथं तो खाल्ला. बाबांचं मत: काळ्या मसाल्याच्या वाटणात कुणीतरी कोको सांडलाय. त्यांनी दुसऱ्यांदा मागितला.

पोट भरण्यासाठी भोपळ्याच्या फुलांचा केसादिया (चीज भरून दुमडलेली पोळी), मक्याच्या कणसावरच्या काळ्या बुरशीचा, म्हणजे वित्लाकोचेचा केसादिया, आणि सेमिता. सेमिता म्हणजे तीळ लावलेला गोल पाव. त्यात एरवी मांसाचं कटलेट असतं, पण नुसतं चीज, अॅव्होकाडो आणि पापालो नावाचा उग्र वासाचा पाला घालूनही करून देतात. पापालो आधी थोडाच घाला. जुलै ते सप्टेंबरमध्ये गेलात तर जिकडेतिकडे चिलेस एन नोगादा: भरली पोब्लानो मिरची, वर अक्रोडाची पांढरी चटणी आणि डाळिंबाचे दाणे. सारणात फळांबरोबर खिमा असतो, पण काही ठिकाणी शाकाहारी प्रकार मिळतो. मांसाहारी असाल तर ताकोस आराबेस खा, मात्र ते डुकराचं मांस असतं. मध्यपूर्वेतून आलेल्या लोकांनी गेल्या शतकात ही रीत आणली.

दुपारचं मुख्य जेवण दोन ते चारमध्ये. त्या वेळी लहान खानावळीत कोमिदा कोरिदा, म्हणजे ठरलेल्या दरात सूप, भात आणि मुख्य पदार्थ अशी थाळी मिळते. टीप दहा ते पंधरा टक्के ठेवतात. नळाचं पाणी पिऊ नका. ६ ओरिएन्तेवर मिठाईची दुकानं ओळीनं आहेत आणि तिथली खासियत म्हणजे कामोते, रताळ्याच्या गोड कांड्या. आईनं लगेच एकादशीसाठी दोन पुडे बांधून घेतले. त्याच रस्त्यावर सेर्दान भावंडांचं घर आहे. मेक्सिकोच्या क्रांतीतली पहिली चकमक १८ नोव्हेंबर १९१० ला तिथं झाली, आणि भिंतीवरची गोळ्यांची भोकं अजून बुजवलेली नाहीत.

निळ्या-पांढऱ्या तालावेरा भांड्यांचं आणि फरशांचं वेड सगळ्या गावाला आहे. लाल विटांत बसवलेल्या फरशांचे दर्शनी भाग बघायला पैसे लागत नाहीत. चौकाजवळ २ नोर्तेवरचं कासा दे लोस मुन्येकोस नक्की बघा. सान्ता रोसा मठाचं स्वयंपाकघर तर छतापर्यंत फरशांनी मढवलं आहे. विकत घ्यायची तर एल पारियान बाजारातली स्वस्त भांडी दिसायला छान असतात, पण ती बहुधा खरी तालावेरा नसतात आणि जेवायला वापरू नयेत. खऱ्या भांड्याच्या तळाशी कार्यशाळेची खूण असते, सोबत प्रमाणपत्र मिळतं आणि किंमत डोळे विस्फारायला लावते. ४ पोनिएन्तेवर उरिआर्ते ही १८२४ पासूनची कार्यशाळा आहे. घ्यायचं नसलं तरी तिथं जा. लोस सापोस गल्लीत शनिवार-रविवारी जुन्या वस्तूंचा बाजार भरतो. गर्दीत पिशवी पुढे घ्या, बाकी मध्यवस्तीत रात्री नऊ-दहापर्यंत फिरताना आम्हाला भीती वाटली नाही. अंधाऱ्या, रिकाम्या गल्ल्यांत आम्ही गेलो नाही, हेही खरं.

आम्ही गेलो ते पावसाळ्यात. सकाळ कोरडी, चारनंतर तासभर धो-धो. छत्री हवीच, आणि पायात घसरणार नाहीत असे बूट. गुळगुळीत झालेल्या फरसबंदीवर वयस्कर माणसांनी हात धरूनच चालावं. पोपोकातेपेत्ल ज्वालामुखी बघायचा तर पहाटे छतावर जा. दहापर्यंत त्यावर ढग चढतात.

परतीसाठी रविवारची संध्याकाळ टाळा, राजधानीकडे जाणारा महामार्ग तुंबतो. सोमवारी निघा. त्या दिवशी बाकी सगळं बंद असलं तरी २ सुरवरचं आम्पारो संग्रहालय उघडं असतं, त्याची सुट्टी मंगळवारी. जुन्या मेक्सिकोच्या मूर्तींचा संग्रह मोठा आहे, आणि दमलेल्यांसाठी गच्चीवर चहा-कॉफी. तिथून टॅक्सीनं स्थानक, आणि विमानतळाच्या बसचं तिकीट काढताना टर्मिनल एक की दोन ते आधीच सांगा. दोन्हीकडे वेगवेगळे थांबे आहेत.