बाटली सुटली, पोर जेवायला लागली

माझी मुलगी दोन वर्षांची झाली तेव्हा दिवसाला जवळपास लिटरभर दूध प्यायची. सकाळी उठल्या उठल्या बाटली, दुपारी झोपताना बाटली, रात्री जाग आली की बाटली. ताटासमोर बसवलं की तोंड घट्ट मिटायची. "जाऊ दे, दूध तरी पोटात जातंय," असं घरात सगळेच म्हणायचे.

मग ती आमच्या कळव्याच्या घरातल्या भिंतीचे पोपडे काढून खायला लागली. किरकिर वाढली. जिन्याच्या दोन पायऱ्या चढली की कडेवर घे म्हणायची. डॉक्टरांनी तिच्या डोळ्याखालची पापणी ओढून बघितली, तळहात बघितले आणि रक्त तपासायला सांगितलं. हिमोग्लोबिन 8.9 आलं. या वयात 11 च्या खाली गेलं की रक्तक्षय धरतात, आणि भिंत किंवा माती खाणं हे लोह कमी पडल्याचं लक्षण असू शकतं, हे मला तिथे कळलं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (2019-21) महाराष्ट्रातल्या सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांपैकी जवळपास 69 टक्के मुलांना रक्तक्षय आढळला होता. इतक्या घरांतली ही गोष्ट, आणि आम्ही आया आपसात बोलतो ते वजनाबद्दल!

डॉक्टरांनी लोहाचे थेंब दिले आणि दूध दिवसाला अर्ध्या लिटरच्या आत आणायला सांगितलं, तेही पेल्यातून. दुधात लोह जवळजवळ नसतंच, शिवाय त्यातल्या कॅल्शियममुळे बाकीच्या अन्नातलं लोहही नीट अंगी लागत नाही. आणि पोट दुधाने भरल्यावर पोर जेवेल कशाला?

थेंबांचं लवकर जमलं. दुधासोबत द्यायचे नाहीत, जेवणाच्या तासभर आधी द्यायचे, जिभेवर जरा मागे सोडायचे म्हणजे दात काळे पडत नाहीत. शी काळी होते, त्याला घाबरायचं नाही.

बाटलीचं मात्र तसं नव्हतं. मी दादरला नोकरीला, दिवसभर तिला सासूबाई सांभाळतात. "लेकरू रडत उपाशी झोपलं तर माझ्या घशाखाली घास उतरायचा नाही," त्या म्हणाल्या. त्यांचं काही चुकत नव्हतं. पुढच्या वेळी मी त्यांनाच डॉक्टरांकडे घेऊन गेले. डॉक्टर माझ्याकडे न बघता त्यांच्याशी बोलले. "आजी, मध्ये तिला भूक लागू द्या. काय वाढायचं ते तुम्ही ठरवा, किती खायचं ते तिला ठरवू द्या." त्या दिवसापासून सगळी सूत्रं आईंनी हातात घेतली आणि माझ्यापेक्षा कडक पाळली.

आधी दुपारची बाटली बंद केली, मग सकाळची. रात्रीची सगळ्यात शेवटी, आणि त्या रात्री खरंच जड गेल्या. नवरा तिला खांद्यावर घेऊन गॅलरीत फेऱ्या मारायचा, ती "दुदू, दुदू" करत हुंदके द्यायची, आम्ही पेल्यातून पाणी पाजायचो. दोघंही सकाळी तसेच लोकल पकडायला धावायचो. हळूहळू ती रात्रभर झोपायला लागली.

नाचणीची पेज तिने थुंकून टाकली. पालक तर हातात घेईना. आईंनी मोड आलेली मटकी मऊ शिजवली, वर लिंबू पिळलं (आंबटाने लोह चांगलं शोषलं जातं) आणि ताटली तिच्यापुढे ठेवून स्वतः शेजारी जेवायला बसल्या. भरवायचं नाही, आग्रह नाही. पोरीने चिमटीत एक दाणा धरला, त्याचा मोड नखाने वेगळा केला, आधी मोड खाल्ला, मग दाणा. पुढचा दाणा आईंच्या ओठांपाशी नेऊन म्हणाली, "आजी, आ कर." ती ताटली संपायला खूप वेळ लागला. आईंचं स्वतःचं जेवण गार झालं, तरी त्या उठल्या नाहीत.

आता अंडं, जवळ्याची चटणी भाताबरोबर, खजूर हे सगळं चालतं. जांभळी नाक्याच्या बाजारात गेलो की लिंबं तीच निवडून पिशवीत टाकते. दुधीला अजून नकारच आहे, तो आम्ही मान्य केलाय.

परवाच्या तपासणीत हिमोग्लोबिन 11.3 आलं. शरीरातला लोहाचा साठा भरायला वेळ लागतो, म्हणून थेंब आणखी काही महिने चालू ठेवायचे आहेत. औषधाची बाटली मी कपाटात वर, कुलपात ठेवते. चव गोड असते आणि लोह जास्त पोटात गेलं तर लहान मुलांना विषबाधा होते. तुमच्याकडे हे थेंब चालू असतील तर बाटली कुठे ठेवलीय ते आजच बघा.